दिवसभर चार भिंतींत: सनस्क्रीन कधी, कोणतं आणि किती लावायचं

‘घराबाहेर पाऊल टाकत नाही, मग सनस्क्रीन कशाला?’ या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणतं, घरातही लावाच आणि दर दोन तासांनी लावा. दुसरं म्हणतं, हे सगळं कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. दोन्ही उत्तरं देणारे मूळ चौकशी करत नाहीत: तुम्ही बसता कुठे? खिडकीला खेटून टेबल मांडलेला माणूस आणि मधल्या खोलीत दिव्याखाली काम करणारा माणूस, दोघंही ‘आतच’ असतात. पण दोघांच्या चेहऱ्यावर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी आपली खुर्ची तपासायची. काहींना या तपासणीनंतर ट्यूबची गरजच उरणार नाही, आणि तेही चांगलंच.

काच काय अडवते, काय सोडते

जमिनीपर्यंत पोहोचणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. यूव्हीबीची तरंगलांबी कमी, साधारण 280 ते 315 नॅनोमीटर. उन्हात त्वचा लाल होते, सोलवटते, ती मुख्यतः यांच्यामुळे. यूव्हीए 315 ते 400 नॅनोमीटरचे. ते त्वचेत जास्त खोल जातात, तिथल्या कोलॅजनला, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाला, धक्का लावतात. सुरकुत्या, सैलपणा आणि काळे डाग यांत त्यांचा मोठा हात असतो.

खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. यूव्हीएचा मात्र मोठा भाग, एकेरी पारदर्शक काच असेल तर निम्म्याहून अधिक, ती आत येऊ देते. म्हणजे काचेआड बसलं की त्वचा भाजत नाही, आणि तीच खरी गोम आहे. उघड्यावर त्वचा लाल होऊन, चुरचुरून ‘पुरे आता’ असं सांगते. काचेआड ही सूचना मिळतच नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत, तीच बाजू उजेडाकडे करून बसून राहतो.

याचा परिणाम किती दिसू शकतो, याचं एक उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2012 साली 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं. त्याने 28 वर्षं मालाची गाडी चालवली होती, आणि त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू, म्हणजे दाराच्या काचेकडची, उजव्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त जाड, लोंबलेली आणि खोल सुरकुत्यांची झाली होती. माणूस एकच, वय एकच, फरक फक्त कोणत्या गालावर काचेतून ऊन येत होतं एवढाच. अर्थात हे टोकाचं उदाहरण आहे. रोज तासभर खिडकीत वर्तमानपत्र वाचणाऱ्याने त्यावरून घाबरून जायचं कारण नाही.

जाता जाता: काचेआड उन्हात बसून ‘ड जीवनसत्त्व घेतो आहे’ असं समजणाऱ्यांचा हिशेब उलटा आहे. ते तयार व्हायला यूव्हीबी लागतात, आणि नेमके तेच काच बाहेर ठेवते.

पायरी पहिली: खुर्चीत बसून आकाश शोधा

रोज जिथे सर्वाधिक वेळ जातो त्या जागी बसा. नेहमी बसता तसंच, मान जशी ठेवता तशीच. आता तीन गोष्टी पाहा.

कवडसा तुमच्यावर येतो का? सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दर तास-दोन तासांनी लक्ष द्या. सकाळी टेबलाच्या कडेला असलेला उन्हाचा पट्टा अकरा वाजता हातावर आणि बारा वाजता गालावर आलेला असतो. कामाच्या नादात आपण फक्त डोळे बारीक करून स्क्रीन तिरकी करतो. चेहऱ्यावर किंवा हातावर रोज थेट ऊन येत असेल, तर सनस्क्रीन लावायचं की नाही हा प्रश्न तिथेच संपला. लावायचं.

थेट ऊन येत नसेल तर दुसरी गोष्ट: बसल्या जागेवरून आकाश किती दिसतं? अतिनील किरण फक्त सूर्याच्या दिशेने येत नाहीत, ते आकाशभर विखुरतात. खिडकीतून आकाशाचा मोठा तुकडा दिसत असेल तर त्याचे विखुरलेले किरणही तुमच्यापर्यंत पोहोचतात. खिडकीपासून दूर सरकलं की हा तुकडा झपाट्याने लहान होतो आणि किरणही त्याच झपाट्याने घटतात. समोर दुसऱ्या इमारतीची भिंतच दिसत असेल, किंवा आकाश दिसतच नसेल, तर बसल्या जागी काळजी करण्यासारखं फारसं उरत नाही.

तिसरी गोष्ट काचेची जात. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून केलेली लॅमिनेटेड काच यूव्हीए जवळजवळ सगळे अडवते. गाडीची पुढची काच अशीच असते. बाजूच्या काचा बहुतेकदा तशा नसतात. काच काळपट किंवा रंगीत आहे म्हणजे ती अतिनील किरण अडवते, असं मात्र समजू नका. रंग डोळ्यांना दिसणारा उजेड कमी करतो; यूव्हीए किती अडतात हे काचेच्या घडणीवर ठरतं. आणि खिडकी सताड उघडी ठेवून तिच्यात बसत असाल, तर काचेचा हा सगळा हिशेब बाद. तिथे यूव्हीबीही आले, म्हणजे नियम बाहेरचेच.

हवामानाच्या अ‍ॅपमध्ये यूव्ही इंडेक्स नावाचा आकडा असतो. तो 3 किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा बाहेर जाताना संरक्षण घ्यावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पण हा आकडा मुख्यतः त्वचा भाजवणाऱ्या किरणांवर बेतलेला असतो आणि यूव्हीए दिवसभरात यूव्हीबीइतके चढ-उतार दाखवत नाहीत. तेव्हा इंडेक्स कमी आहे म्हणून रोज कवडशात बसणाऱ्याने निर्धास्त होऊ नये. विरळ ढगांवरही भरवसा नको; त्यांतून बरेच किरण पार होतात.

पायरी दुसरी: बाहेरचे सुटे तुकडे मोजा

‘दिवसभर घरातच होतो’ म्हणणाऱ्याचा दिवस जरा उलगडून पाहिला की त्यातून काय काय निघतं! गॅलरीत कपडे वाळत घालणं, झाडांना पाणी, फोनवर बोलत गच्चीत फेऱ्या, जेवणाच्या सुट्टीत चहासाठी बाहेर, मुलांना आणायला जाणं, गाडी चालवणं. एकेक तुकडा दहा-पंधरा मिनिटांचा. पण त्यातले दोन-तीन दुपारच्या वेळेत पडले, तर तुमचा दिवस ‘घरातला’ राहत नाही.

एक दिवस हे तुकडे मनात टिपून ठेवा. खुर्ची सुरक्षित आणि बाहेरचे तुकडे सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर, असं असेल तर सनस्क्रीनशिवाय खुशाल राहा. खुर्ची सुरक्षित पण दुपारी एकदाच बाहेर पडता? मग सकाळपासून थापून बसण्याऐवजी निघायच्या पंधरा मिनिटं आधी लावणं शहाणपणाचं.

पायरी तिसरी: आधी टेबल सरकवा

सनस्क्रीनच्या लेखात हे वाचून कुणाला गंमत वाटेल, पण खुर्ची हातभर बाजूला घेणं किंवा टेबल नव्वद अंशांत फिरवणं हा सगळ्यात स्वस्त आणि कधीही न विसरता काम करणारा उपाय आहे. मग पडदा. घट्ट विणीचा साधा कापडी पडदा कवडसा येण्याच्या वेळेपुरता ओढला तरी पुरतो. उजेड हवाच असेल तर काचेवर चिकटवायची पारदर्शक अतिनील-रोधक फिल्म मिळते. चांगल्या फिल्मने जवळजवळ सगळे अतिनील किरण अडतात. घेताना ‘उष्णता कमी करते’ एवढ्यावर समाधान मानू नका. अतिनील किरण किती टक्के अडवते हे स्वच्छ लिहिलेलं हवं.

कुणी सवलत घेऊ नये

वर सांगितलेली सूट सगळ्यांना नाही. गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर वांग आहे; मुरूम गेल्यावर काळे डाग मागे राहतात; नुकतंच लेसर किंवा केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं) झालं आहे; रात्री रेटिनॉइडची, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घटकांची, क्रीम लावता: अशांनी खिडकी असलेल्या खोलीत दिवसभर राहायचं असेल तर रोज सकाळी लावावं. ल्युपससारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणाऱ्या, आजारात त्वचा यूव्हीएलाही बिथरते, तिथे डॉक्टर सांगतील तसं. काही औषधं त्वचेला उन्हाबद्दल हळवी करतात. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि हायड्रोक्लोरोथायझाइड हे रक्तदाबाचं औषध ही नेहमीची उदाहरणं. अशा प्रतिक्रिया बहुतेकदा यूव्हीएमुळे होतात, म्हणजे काचेआडही होऊ शकतात. औषध आपल्या मनाने बंद करू नका. खिडकीपासून लांब बसा, सनस्क्रीन लावा आणि पुढच्या भेटीत विचारा.

वांग असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी लेबलवर क्वचितच समजावलेली असते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत फक्त अतिनीलच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा सूर्यप्रकाशही रंगद्रव्य वाढवतो. तो काचेतून बिनबोभाट येतो आणि नेहमीचं पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन त्याला फारसं अडवत नाही. अडवतात ते लोहाचे ऑक्साइड, म्हणजे रंगछटा असलेल्या, ‘टिंटेड’ सनस्क्रीनमधली तपकिरी-पिवळी रंगद्रव्यं. महिनोन्‌महिने नियमाने सनस्क्रीन लावूनही डाग हलत नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी टिंटेड लावून बघा. आपल्या रंगाशी जुळणारी छटा मिळाली तर चेहरा पांढुरका दिसण्याचा प्रश्नही मिटतो.

पायरी चौथी: लेबलवर एसपीएफच्या पुढे वाचा

एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर) हा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आहे. नीट जाड थरात लावलं तर एसपीएफ 30 मधून त्वचा भाजवणाऱ्या किरणांचे सुमारे 3 टक्के पार होतात, 50 मधून 2 टक्के. काचेआड बसणाऱ्यापर्यंत यूव्हीबी येतच नसतील, तर 50 ऐवजी 100 घेऊन त्याच्या पदरात काय पडणार? त्याने यूव्हीएचं चिन्ह शोधावं.

काही ट्यूबवर ‘पीए’ आणि पुढे अधिकच्या (+) खुणा असतात. ही जपानमध्ये सुरू झालेली पद्धत. एका खुणेपासून चार खुणांपर्यंत यूव्हीएचं संरक्षण वाढत जातं. तीन किंवा चार खुणा घ्या. युरोपातल्या उत्पादनांवर वर्तुळात यूव्हीए लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ यूव्हीएचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश आहे. नुसतं ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं असलं तर दोन्ही प्रकारचे किरण अडतात एवढं कळतं, किती ते कळत नाही. यातलं काहीच नसेल, तर पुढे एसपीएफ कितीही मोठा असो, डबा परत ठेवा.

घटकांत झिंक ऑक्साइड भरपूर असेल तर यूव्हीएची बाजू बरी सांभाळली जाते आणि हळव्या त्वचेला ते सहसा मानवतं. टायटॅनियम डायॉक्साइड एकटंच असेल तर लांब तरंगांच्या यूव्हीएपुढे ते कमी पडतं. खनिज (म्हणजे झिंक-टायटॅनियमचं) सनस्क्रीन किरण आरशासारखे परतवतं आणि रासायनिक सनस्क्रीन ते शोषतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. प्रत्यक्षात खनिजंही बहुतांश किरण शोषूनच घेतात. तेव्हा या वादात न पडता जे रोज लावताना कंटाळा येणार नाही ते घ्या. तेलकट त्वचेला जेल, कोरड्या त्वचेला क्रीम. आत बसणाऱ्याला घामाने न धुपणारं, जाड, वॉटर रेझिस्टंट मलम लागत नाही. पातळ, हलकं चालतं, आणि हा आतल्या माणसाचा मोठाच फायदा आहे. सनस्क्रीन असलेलं मॉइश्चरायझरही चालेल, मात्र ते सनस्क्रीनइतकंच भरपूर लावणार असाल तरच.

पायरी पाचवी: दोन बोटं, पूर्ण भरून

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर देतात. घरी माणसं त्याच्या पावपट ते निम्मं लावतात. निम्मं लावलं की संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन गालांना पुसणारा माणूस एसपीएफ 50 चे पैसे देतो आणि त्यातला थोडासाच भाग वापरतो.

माप सोपं आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर तळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. पहिल्यांदा पाहून ‘एवढं?’ असंच वाटतं. एकदम फासू नका, नाहीतर कपाळ पांढरंफटक आणि मान कोरडी राहते. आधी एका बोटावरचं घ्या: कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी इथे ठिपके द्या आणि हलक्या हाताने पसरा. मिनिटभराने दुसऱ्या बोटावरचं. या दुसऱ्या फेरीत पहिल्या वेळी सुटलेल्या जागा घ्या: केसांच्या कडेची रेघ, कानाची पाळी आणि कानापुढची पट्टी, जबड्याखालची बाजू, मानेच्या दोन्ही कडा. खिडकी डावीकडे असेल तर डावा कान आणि डावी मान यांची विशेष आठवण ठेवा. आपण आरशात समोरूनच बघत असल्यामुळे नेमक्या त्याच जागा राहतात. कीबोर्डवर किंवा स्टिअरिंगवर ऊन येत असेल तर दोन्ही हातांच्या पाठींसाठी वेगळं घ्या. दाढी असेल तर तिच्या कडांनी बोटांच्या टोकांनी थोपटत लावा.

क्रम असा: चेहरा धुणं, मॉइश्चरायझर, ते मुरल्यावर सनस्क्रीन, ते बसल्यावर मेकअप. मधे पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. तो वेळ दिला नाही की वरचं लावताना खालच्याच्या मळासारख्या वळ्या सुटतात, आणि दोष मात्र सनस्क्रीनला दिला जातो. वळ्या सुटत असतील तर खालचे थर कमी करा, चोळण्याऐवजी थोपटा. सनस्क्रीन मॉइश्चरायझरमध्ये किंवा फाउंडेशनमध्ये कालवून लावू नका. ते पातळ होतं, थर फाटका बसतो आणि किती संरक्षण उरलं हे कळायला मार्ग राहत नाही. सनस्क्रीनचा एसपीएफ 30 आणि फाउंडेशनचा 20 मिळून 50 होतात, ही बेरीजही खरी नाही.

डोळे चुरचुरत असतील तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन किंवा स्टिक वापरून बघा. बरेचदा तेवढ्याने भागतं.

पायरी सहावी: पुन्हा कधी लावायचं

दर दोन तासांचा नियम बाहेर उन्हात असणाऱ्यांसाठी आहे. सनस्क्रीन घड्याळाकडे बघून संपत नाही. ते घामाने, पुसण्याने, चेहऱ्याच्या तेलाने आणि सतत हात लावण्याने निघतं. थेट उन्हात त्यातले काही घटक प्रकाशानेही निकामी होतात. वातानुकूलित खोलीत शांत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सकाळी भरपूर लावलेलं सनस्क्रीन दुपारपर्यंत बऱ्यापैकी टिकून असतं. खोलीत खिडकीपासून लांब बसून दर दोन तासांनी नवा थर चढवणं म्हणजे निव्वळ ट्यूब संपवण्याचा उद्योग.

पुन्हा लावायची निमित्तं ठरलेली आहेत. तोंड धुतलं किंवा टॉवेलने, टिश्यूने खसाखसा पुसलं. व्यायाम केला, घाम आला. दुपारी बाहेर पडायचं आहे. किंवा दुपारनंतरच ऊन तुमच्या खिडकीत येतं. पश्चिमेची खिडकी असेल तर सकाळी आठला लावलेल्याच्या भरवशावर चार वाजता बसण्यापेक्षा जेवण झाल्यावर लावलेलं बरं. चष्मा लावणाऱ्यांच्या नाकावरचं आणि हात वारंवार धुणाऱ्यांच्या हातावरचं सगळ्यात आधी जातं, तेवढंच ठिगळासारखं लावलं तरी चालतं. मेकअपवर लावायचं तर जादा तेल टिपून घ्या आणि स्पंजने दाबून दाबून लावा. पावडरचं सनस्क्रीन सोयीचं वाटतं, पण पुरेसा थर बसायला इतकी पावडर लागते की तेवढी कुणी लावत नाही.

स्क्रीन, दिवे आणि घाबरवणाऱ्या जाहिराती

मोबाइल-लॅपटॉपच्या निळ्या प्रकाशापासून वाचवणारं सनस्क्रीन घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका. भर उन्हात सुमारे 1 लाख लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो. स्क्रीनचा आपल्या चेहऱ्यावर पडणारा उजेड फार तर शंभर-दोनशे लक्स. स्क्रीन झोप उडवते, डोळे शिणवते. चेहऱ्यावर डाग पाडण्याइतकी ताकद तिच्यात नाही. एलईडी दिव्यांतून अतिनील किरण नगण्य निघतात. जुने वळणदार सीएफएल दिवे उघडे असले तर थोडे सोडतात. असा दिवा टेबलावर तोंडाजवळ तासन्‌तास वापरत असाल तर तो हातभर लांब ठेवा किंवा बदला.

रात्री धुणं आणि ट्यूबची निगा

आत वापरायचं हलकं सनस्क्रीन साध्या फेसवॉशने निघतं. पाणी लागूनही टिकणारं, टिंटेड किंवा मेकअपखालचं असेल तर आधी क्लिन्झिंग बामने किंवा तेलाने सैल करा, मग फेसवॉश. नवं सनस्क्रीन सुरू करताना दोन-तीन दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज आली, पुरळ उठलं तर चेहऱ्यावर नेऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत. त्याचा पाळणा कवडशातून बाजूला घ्यायचा.

ट्यूब खिडकीच्या कठड्यावर किंवा गाडीत ठेवू नका, उष्णतेने ते बिघडतं. मागच्या बाजूला उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि त्यात 6 किंवा 12 असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने ते वापरायचं. उघडल्याची तारीख पेनाने ट्यूबवरच लिहून ठेवा. वास बदलला, पाणी आणि चिकटा वेगळा झाला, रवाळ लागायला लागलं तर मुदत उरलेली असली तरी टाकून द्या. आणि रोज दोन बोटं भरून लावणाऱ्याची 50 ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपते. तीच ट्यूब वर्षभर पुरत असेल, तर ती खराब झाली का हे बघण्याआधी पाचवी पायरी पुन्हा वाचा.